बदनामीचा दावा: कोर्ट कुठलं आणि खर्च कुणाचा?

जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ट्रस्टच्या हिशेबावरून वाद होतो, किंवा तुटलेल्या सोयरिकीबद्दल कुणी फेसबुकवर काहीतरी लिहितं. काही दिवसांनी घरी नोटीस येते: बदनामी झाली, माफी मागा, इतके लाख द्या. घरातले सगळे रकमेकडे बघून घाबरतात. आमच्या मते आधी बघायची गोष्ट दुसरीच आहे. प्रकरण कुठल्या गावच्या कोर्टात चालणार? निकाल लागेपर्यंतचा बराचसा खर्च त्यावरच ठरतो.

आधी हे ओळखा

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. तिला वकिलामार्फत वेळेत उत्तर द्यावं. कोर्टाचं समन्स आलं तर मात्र ते दिवाणी आहे की फौजदारी, हे पाहावं. दिवाणी दाव्यात नुकसानभरपाई मागितलेली असते आणि तो एका वर्षाच्या आत दाखल व्हावा लागतो. फौजदारी फिर्याद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली होते. तिची मुदत तीन वर्षं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. गुन्हा जामीनपात्र आहे, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत.

दावा कुठे लावता येतो?

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १९ सांगतं की प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा बदनामी जिथे झाली तिथे, दावा लावता येतो. कायद्यातलंच उदाहरण आहे: दिल्लीत राहणाऱ्या माणसाने कलकत्त्यात बदनामीकारक मजकूर प्रसिद्ध केला, तर दावा दोन्हीपैकी कुठेही चालेल. निवड वादीची. हा कायदा १९०८ चा. आज मोबाईलवरचा मजकूर गावोगाव वाचला जातो, त्यामुळे वादीला सोयीचं कोर्ट निवडायला मोठी जागा मिळते.

याचं ठळक उदाहरण ‘कॅरव्हान’ मासिकाचं. २०११ मध्ये या मासिकाने आयआयपीएम या संस्थेच्या प्रमुखांवर लेख छापला. मासिक दिल्लीचं, संस्थाही दिल्लीची. पण ५० कोटींचा दावा लागला आसाममधल्या सिलचरला, दिल्लीपासून २,००० किलोमीटरहून लांब. तिथल्या कोर्टाने मासिकाचं म्हणणं ऐकण्याआधीच लेख इंटरनेटवरून काढायचा मनाई हुकूम दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण दिल्लीला वर्ग केलं आणि २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो हुकूम उठवला. तोवर सुमारे सात वर्षं गेली होती. मासिकाने ते झेललं. पगारदार माणसाला दर तारखेला रजा, तिकीट आणि वकिलाची फी कशी परवडायची?

खर्च परत मिळतो का?

दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेनुसार कोर्ट फी भरावी लागते, म्हणून मोठा आकडा टाकणाऱ्याच्या खिशालाही चाट बसते. फौजदारी फिर्यादीला अशी मोठी फी नसते, शिवाय आरोपीला कोर्टात हजर व्हावं लागतं. म्हणून त्रास द्यायचाच असेल तर हा मार्ग स्वस्त पडतो. अभिनेत्री खुशबू यांच्यावर एका मुलाखतीवरून २३ फिर्यादी झाल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या २०१० मध्ये रद्द केल्या.

जिंकणाऱ्याला कलम ३५ खाली खर्च मिळू शकतो, पण वकिलाची खरी फी त्यात क्वचितच निघते. खोटा आणि त्रासदायक दावा केल्याबद्दल कलम ३५अ खाली भरपाई मिळते, तिची कमाल मर्यादा नेहमीच्या दिवाणी दाव्यात फक्त ३,००० रुपये आहे. त्यामुळे ‘जिंकलो की सगळं वसूल करू’ या भरवशावर कुणी राहू नये.

लांबच्या कोर्टाचं समन्स आलं तर

- दिवाणी दाव्यात अधिकारक्षेत्राची हरकत पहिल्याच संधीला, मुद्दे काढण्याआधी घ्या. कलम २१ नुसार तेव्हा गप्प बसलात तर अपिलात ही हरकत ऐकली जात नाही.
- कैफियत ३० दिवसांत द्यायची असते. कोर्ट कारणं नोंदवून ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं.
- १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार, खाजगी फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ती सोडू नका.
- आरोपी त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर राहत असेल तर समन्स काढण्याआधी मॅजिस्ट्रेटने कलम २२५ खाली चौकशी करणं बंधनकारक आहे. ती झाली का, हे वकिलाला तपासायला सांगा.
- कलम २२८ खाली दर तारखेची हजेरी माफ करून घेता येते.
- राज्याबाहेरचं प्रकरण दुसरीकडे वर्ग करायचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात, राज्यातल्या राज्यात असेल तर उच्च न्यायालयात करता येतो. त्याचा खर्च आधी विचारून घ्या.

फिर्यादीची तयारी असेल तर फौजदारी प्रकरणातही तडजोड होते. आणि ज्यांना दुसऱ्यावर दावा लावायचा आहे, त्यांनाही आमचं हेच सांगणं: वर्षाची मुदत पाहा, पुरावा जपा, आणि वकीलपत्रावर सही करण्याआधी तारखा, प्रवास आणि फी यांचा हिशेब घरच्यांसोबत मांडा.