निजामकालीन टपाल तिकिटे : मराठवाड्याच्या इतिहासाचे एक साधन

१९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाने १८६९ मध्ये स्वतःचे टपाल तिकीट काढले. १८७१ च्या मालिकेवर फारसी व इंग्रजीसोबत मराठी आणि तेलुगू अक्षरेही आढळतात. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. हे पाहता तिकिटावरील मराठीचे स्थान लक्षणीय ठरते. १९३१ च्या मालिकेत अजिंठा व दौलताबादची चित्रे आली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरही संस्थानी टपाल चालू राहून १९५० मध्ये भारतीय टपाल खात्यात विलीन झाले. म्हणून या काळातील पत्र संक्रमणकाळाचा पुरावा होय. संग्राहकाचा आनंद येथे संशोधनास साहाय्यभूत ठरतो. मात्र तिकीट कापून घेतल्यास गावाचा व तारखेचा शिक्का तुटतो. यास्तव घरोघरची जुनी पत्रे पाकिटासह जतन करणे अगत्याचे आहे.