करंड्याचे झाकण

सावंतवाडीची चितार आळी म्हटली की लोकांना लाकडी आंबे-केळी आणि गंजिफांचे पत्ते आठवतात. मी कातकाम करणारा, मला करंडे आठवतात. फळाला झाकण नसते. करंड्याला असते, आणि कोकणच्या हवेत झाकण नीट बसवणे ही कातकामाची खरी परीक्षा.

मृग लागला की लाकूड हवेतली ओल पिऊन फुगते, पण सगळीकडून सारखे नाही. उभ्या रेषेत जवळजवळ नाहीच. आडवे मात्र फुगते, आणि गाभ्याकडून सालीकडे जेवढे, त्याच्या साधारण दुप्पट वलयांच्या अंगाने. म्हणून वैशाखात अगदी गोल कातलेला करंडा श्रावणात किंचित लांबट होतो आणि झाकण अडते. उलट, इथे पावसाळ्यात घट्ट बसवलेले झाकण सोलापूरच्या उन्हाळ्यात खुळखुळते.

यावर पहिला उपाय लाकडाच्या निवडीतच आहे. सावंतवाडीने पांगारा धरला. तो हलका, मऊ आणि फारसा न ओढणारा. कीड लागते हा त्याचा दोष. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या कारागिरांनी आपल्याकडचा काळा कुडा धरला. त्याचा कण बारीक आणि रंग पांढरा, त्यामुळे लाखेचे रंग उठून दिसतात. दुसरा उपाय धीराचा. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडांना शेण लिंपायचे, म्हणजे ती आधी सुकून तडकत नाहीत. मग भांडे जाड भिंतीचे ठेवून कोरायचे, सावलीत वाळू द्यायचे, वाकायचे तेवढे वाकले की पुन्हा लेथवर चढवून अखेरचा हात फिरवायचा.

मग लाख. जुन्या लेथवर एक जण दोरी ओढी आणि लाकूड मागे-पुढे फिरे. विजेची मोटर आल्यावर ते एकाच दिशेने, वेगाने फिरू लागले. लाख लावण्याची रीत मात्र तीच. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते, आणि चन्नपट्टणला वरून केवड्याचे पान दाबून तिला चकाकी आणतात. यात थिनर नाही, वाळायची वाट पाहणे नाही. पण लाख ओल अडवते असे समजू नये. ती फक्त उशीर करते. शिवाय तोंड अरुंद असेल तर कांडी आत पोचत नाही, आणि बाहेरून लाख, आतून कोरे असे भांडे आतल्या बाजूनेच श्वास घेत राहते. आमच्याकडे काही जण आत खोबरेल फासतात. ते कधीच वाळत नाही, कुंकू मात्र चिकटते. जवसाचे तेल पातळ लावून, झाकण उघडे ठेवून पूर्ण सुकवावे, हे माझे मत.

तिसऱ्या खेमसावंतांच्या काळात (1755–1803) वाडीत कलांना राजाश्रय होता. पुढे लाखकामाची ही कला जवळपास विझली. राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी 1971 च्या सुमारास राजवाड्यातच कारखाना उभा केला, आणि जुने जाणकार पुंडलिक चितारी यांच्याकडून ती नव्या हातांत गेली. तेव्हा गंजिफांची चर्चा फार झाली, लाकूड वाळवण्याची कमी. आज घाईत कातलेल्या ओल्या लाकडावर चकचकीत स्प्रे मारलेले करंडे बाजारात दिसतात, त्याचे मूळ मला तिथेही दिसते.

करंडा उन्हाळ्यात घेत असाल तर झाकण जरा सैल असलेलाच घ्या, आणि आत कोरे किंवा चिकट नाही ना, हे बोट फिरवून बघा.