ओलान्झापिन: औषध कसे काम करते आणि घेताना काय काळजी घ्यावी?

कानात कोणी बोलत असल्याचा भास, आपल्यावर पाळत ठेवली जात असल्याचा ठाम संशय किंवा कित्येक रात्री झोप नसूनही अति उत्साह अशी लक्षणे असल्यास मानसोपचारतज्ज्ञ अनेकदा ओलान्झापिन देतात. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारात हे औषध प्रामुख्याने वापरतात. ही निव्वळ झोपेची गोळी नाही आणि तिचे व्यसनही लागत नाही.

औषध कसे काम करते?

'ही गोष्ट महत्त्वाची आहे, इकडे लक्ष दे' असा इशारा मेंदूत डोपामाइन हे रसायन देते. आजारात हा इशारा विनाकारण वाजत राहतो. मग शेजाऱ्याचे खोकणेही आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटते. ओलान्झापिन डोपामाइन आणि सेरोटोनिनचा अतिरिक्त प्रभाव रोखते. हिस्टामिनवरही त्याचा परिणाम होतो, म्हणून झोप येते आणि भूक वाढते.

गुण कधी येतो?

झोप आणि अस्वस्थता काही दिवसांत सुधारते. भास व संशय कमी व्हायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत 'औषध लागू पडत नाही' असे ठरवू नका.

कसे घ्यावे?

- मोठ्या माणसांत डोस बहुधा दिवसाला ५ ते २० मिलिग्रॅम असतो. तो डॉक्टरच ठरवतात.
- गोळी सहसा रात्री एकदाच, जेवणाआधी किंवा नंतर घेता येते.
- एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.
- दारू टाळा. गुंगी असेल तर गाडी चालवू नका.
- बिडी-सिगारेटच्या धुरामुळे औषधाचे रक्तातील प्रमाण घटते. धूम्रपान सोडल्यास ते वाढते. म्हणून आधी डॉक्टरांना सांगा.

दुष्परिणाम

वजन वाढणे हा सर्वांत महत्त्वाचा. त्यासोबत साखर आणि कोलेस्टेरॉलही वाढू शकते. सुरुवातीला वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर व लिपिड तपासा. ३ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी पुन्हा तपासा. पहिल्या काही आठवड्यांत वजन दर आठवड्याला पाहा. गोड चहा, फरसाण, थंड पेये कमी करून रोज चालायला जा. तरीही वजन वाढत राहिले तर गोळी बदलण्याबद्दल विचारा.

तीव्र ताप, अंग ताठरणे, गोंधळल्यासारखे वागणे किंवा खूप तहान लागून वारंवार लघवी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्वरित रुग्णालयात जा.

बरे वाटले, आता बंद करू का?

मनाने बंद करू नका. गोळीमुळेच बरे वाटत असते. ती अचानक थांबवल्यास झोप उडते, मळमळते आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार उलटू शकतो. पहिल्या झटक्यानंतरही बहुधा वर्ष-दोन वर्षे औषध चालू ठेवावे लागते. नंतर डॉक्टर ते हळूहळू कमी करतात. गरोदरपणाचा विचार असेल तरीही आधी भेटा.

घरच्यांसाठी

भासांवरून वाद घालू नका. 'तुला त्रास होतोय, हे कळतंय' एवढे म्हणा. गोळी गुपचूप आमटीत मिसळू नका, कळल्यावर विश्वास तुटतो. रुग्ण गोळी नाकारत असेल तर तोंडात विरघळणारी गोळी किंवा काही आठवड्यांनी एकदा घ्यायचे इंजेक्शन असे पर्याय आहेत. आत्महत्येचे विचार बोलून दाखवल्यास त्याला एकटे सोडू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो.