नव्या फिश टँकमध्ये अमोनिया वाढला? टाकी धुण्याआधी हे तपासा

बेळगाव : नवा फिश टँक घरात आला की पहिले चार-पाच दिवस सगळे छान असते. पाणी काचेसारखे, मासे खेळकर, मुले टाकीपुढून हलत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात एखादा मासा पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागतो आणि बघता बघता एकामागून एक मासे दगावतात. 'आमच्या घराला मासे लाभत नाहीत', 'घरावरचं संकट माशानं अंगावर घेतलं' अशी मनाची समजूत काढली जाते. मग टाकी रिकामी होते, खडे गरम पाण्याने धुतले जातात, नवे मासे येतात आणि पुन्हा तोच प्रकार.

बहुतेक वेळा दोष नशिबाचा नसतो, पाण्यात साठलेल्या अमोनियाचा असतो. टाकी धुऊन काढल्याने तो प्रश्न सुटत नाही, उलट पहिल्या दिवसापासून सुरू होतो.

टाकी 'तयार' होते म्हणजे काय?

मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतात. उरलेले खाद्य, कुजलेली पाने, मेलेला मासा यातूनही तो तयार होतो. नदी-तळ्यात तो पसरून जातो, टाकीत मात्र साठतो.

त्याचा निचरा करतात ते जिवाणू. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी आहेत. नायट्रेट त्यामानाने सौम्य असून आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते.

हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते फिल्टरच्या स्पंजला, खड्यांना आणि काचेला चिकटून वाढतात. त्यांची वाढ सावकाश होते. नव्या टाकीत त्यांचा पुरेसा थर बसायला साधारण ४ ते ८ आठवडे लागतात, थंडीच्या दिवसांत त्याहून जास्त. म्हणजे जमेची बाजू पहिल्या दिवशी सुरू होते आणि खर्चाची बाजू महिन्याभराने. मधल्या काळात अमोनियाची शिल्लक वाढत जाते.

आधी मोजा

पाणी नितळ दिसते म्हणजे ते चांगले, असे नाही. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. मत्स्यपालनाच्या दुकानात थेंब टाकून तपासायचे अमोनिया किट मिळते. बहुतेक किटमध्ये पिवळा रंग म्हणजे शून्य आणि हिरवा गडद होत जाईल तसा अमोनिया जास्त. आकडा पीपीएममध्ये, म्हणजे एका लिटरमागे किती मिलिग्रॅम असा असतो.

सोबत पीएचही तपासावा, कारण धोका त्यावर ठरतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक बराच सौम्य. किट दोन्हींची बेरीज दाखवते. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांवर जातो. त्यामुळे एकाच आकड्यावर एका घरात मासे तग धरतात आणि शेजारच्या घरात मरतात.

कारण शोधा

अमोनिया वाढलेला दिसला तर या गोष्टी एकेक करून पाहाव्यात.

- मासे जास्त झाले का? दोन फुटी टाकी, म्हणजे ६० × ३० × ३० सेंटिमीटर, काठोकाठ भरली तर ५४ लिटरची. खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी ४५ लिटरच्या आसपास राहते. त्यात पहिल्याच दिवशी दहा-बारा मासे टाकणे चुकीचे. गोल्डफिश तर खूप घाण करतो, नव्या छोट्या टाकीत तो नकोच.
- खाद्य जास्त पडते का? घरात चार माणसे असली की चौघेही मूठ टाकतात. दोन मिनिटांत संपेल इतकेच, दिवसातून एकदा पुरे.
- एखादा मासा किंवा गोगलगाय सजावटीमागे मरून पडली आहे का? मासे मोजून पाहावेत.
- फिल्टर रात्री बंद ठेवला जातो का? जिवाणूंना प्राणवायू लागतो. कित्येक तास फिल्टर बंद राहिला की ते मरू लागतात. १० वॅटचा फिल्टर महिनाभर अखंड चालवला तरी वीज साधारण ७ युनिट लागते. तेवढ्यासाठी मासे घालवू नयेत.
- स्पंज नळाखाली धुतला का? नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणू मारते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच पिळावा.
- माशांसाठी औषध टाकले होते का? काही प्रतिजैविके या जिवाणूंनाही मारतात.
- मूळ पाण्यातच अमोनिया आहे का? गोठ्याजवळच्या किंवा गटारीलगतच्या विहिरीचे पाणी वापरत असाल तर ते टाकीत ओतण्याआधी तपासावे.

आकडा वाढला असेल तर

पहिले काम म्हणजे एक-दोन दिवस खाद्य बंद. धडधाकट मासे एवढा उपवास सहज सोसतात. दुसरे, हवेचा पंप जोरात चालू ठेवावा.

तिसरे आणि मुख्य काम म्हणजे पाणी बदलणे. निम्मे पाणी बदलले की अमोनिया निम्म्यावर येतो. ४ पीपीएम असेल तर २, दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मे बदलले की १. साधारणपणे ०.५ पीपीएमच्या वर गेला की तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी बदलावे आणि रोज मोजत राहावे. 'पाणी बदललं तर जिवाणू जातील' ही भीती अनाठायी आहे. जिवाणू स्पंजमध्ये आणि खड्यांवर आहेत. म्हणूनच पाणी बदलावे, खडे आणि स्पंज मात्र जागच्या जागी ठेवावेत.

मासे खरोखर जास्त असतील तर काही दुकानदाराला परत द्यावेत किंवा जुनी टाकी असलेल्या ओळखीच्यांकडे ठेवावेत. किल्ला तलावात किंवा नदीत सोडू नयेत. बाहेरचे मासे तिथल्या माशांना त्रासाचे ठरतात.

नळाचे पाणी, बोअरचे पाणी

शहराला पाणी येते ते राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून, क्लोरीन मारून. ते बादलीत उघडे ठेवून २४ तासांनी वापरावे किंवा अँटिक्लोरीनचे थेंब घालावेत. ज्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे टाकीसाठी एक बादली कायम भरून ठेवलेली बरी.

पावसावर भरणाऱ्या जलाशयाचे पाणी बहुधा मऊ असते. जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार वापरतात. मऊ पाण्यात तो लवकर संपतो, पीएच घसरतो आणि ६.५ च्या खाली गेला की जिवाणूंचे काम मंदावते. आठवडेच्या आठवडे अमोनिया हलत नसेल तर हे कारण असू शकते.

बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि जास्त पीएचचे असते. इथे एक धोका ध्यानात ठेवावा. टाकीचा पीएच घसरलेला आहे, अमोनिया भरपूर आहे आणि अशात एकदम निम्मे बोअरचे पाणी ओतले, तर पीएच वर उसळून सौम्य अमोनिया विषारी होतो. सकाळी पाणी बदलले आणि संध्याकाळी मासे मेले, असे यामुळेच घडते. अशा वेळी दहा-पंधरा टक्केच पाणी बदलावे, दिवसातून दोनदा. अमोनिया उतरल्यावर धुतलेले शिंपले पिशवीत घालून फिल्टरजवळ ठेवले की पीएच हळूहळू सावरतो.

औषधे आणि घरगुती उपाय

झिओलाइटचे खडे अमोनिया शोषतात, पण मिठाच्या पाण्यात तो परत सोडतात. म्हणून झिओलाइट आणि मीठ एकत्र वापरू नये. अमोनिया उतरून नायट्राइट वाढले, तर झिओलाइट काढून लिटरमागे १ ग्रॅम खडे मीठ विरघळवून घातल्याने माशांना आराम पडतो, मात्र काही वनस्पतींना आणि खवले नसलेल्या माशांना मीठ सोसत नाही. अमोनियावर मिठाचा उपयोग नाही. मनी प्लांटची मुळे टाकीत सोडली तर ती थोडा अमोनिया घेतात.

बाटलीतले जिवाणू काही वेळा उपयोगी पडतात, पण बाटली कशी साठवली त्यावर सगळे अवलंबून. त्याहून खात्रीचा आणि फुकटचा उपाय म्हणजे ओळखीच्यांच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरातला स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवणे. तो ओलाच आणावा. त्याने आठवडे वाचतात.

मासे आणण्याआधी

अजून मासे आणले नसतील तर घाई करू नये. टाकी भरून, फिल्टर चालू करून रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे. ते कुजून अमोनिया होतो आणि त्यावर जिवाणू वाढतात. पातळी २ पीपीएमच्या आसपास राहू द्यावी, ५ च्या वर गेल्यास काम अडते. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढते आणि उतरते. रोज खाद्य पडत असूनही सलग आठवडाभर दोन्ही शून्य आणि नायट्रेट वाढते दिसले, की टाकी तयार झाली.

त्यानंतरही सगळे मासे एकदम आणू नयेत. आधी दोन-तीन, आठवड्याने आणखी दोन-तीन. दर नव्या माशामागे जिवाणूंनाही वाढायला वेळ लागतो. पुढे आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणे आणि पंधरवड्याने एकदा किटने तपासणे एवढे पाळले, तर खडे धुऊन काढण्याची वेळ सहसा येत नाही.