विस्मृतीचा शाप आणि हातबाँब

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी गुन्हेपटांत स्मृती हरवलेला नायक पुन्हा पुन्हा भेटतो. कथानक पुढे रेटण्याची एक सोयीची युक्ती म्हणून त्याची बोळवण करणे सोपे आहे. युक्ती जुनी आहे, हेही खरे. कॉर्नेल वुलरिच यांच्या 1941 मधील 'द ब्लॅक कर्टन' या कादंबरीवर बेतलेल्या 'स्ट्रीट ऑफ चान्स' (1942) या चित्रपटात ती आहेच. तिथे रस्त्याने चाललेल्या नायकाच्या अंगावर इमारतीचा ढिगारा कोसळतो. युद्ध संपल्यावर मात्र या आघाताची जागा बदलली. ती रस्त्यावरून रणांगणावर गेली, आणि त्याबरोबर विस्मृतीचा अर्थही बदलला.

जोसेफ एल. मँकिविक्झ यांचा 'समव्हेअर इन द नाइट' (1946) सुरू होतो तो लष्करी रुग्णालयात. हातबाँबच्या स्फोटात जखमी झालेल्या सैनिकाला (जॉन होडियाक) आपले नाव 'जॉर्ज टेलर' असल्याचे इतरांकडून कळते. त्याच्या पाकिटात एका स्त्रीचे पत्र सापडते. त्यात त्याच्याविषयी निव्वळ तिरस्कार भरलेला आहे. आपण कोण होतो याचा हा पहिला पुरावा वाचून तो भेदरतो आणि आपला स्मृतिभ्रंश डॉक्टरांपासून लपवतो. पुढे लॉस एंजेलिसमध्ये तो लॅरी क्रॅव्हॅट नावाच्या माणसाचा माग काढू लागतो. या शोधाच्या मुळाशी एक खून आणि नाझी जर्मनीतून आलेले वीस लाख डॉलर आहेत. शेवटी उलगडते ते असे, की क्रॅव्हॅट म्हणजे तो स्वतःच; आणि 'जॉर्ज टेलर' हे नाव कोटावरच्या शिंप्याच्या पट्टीवरून उचललेले. सरकारदरबारी नोंदलेली ओळख ही एवढीच.

त्याच वर्षी जॉन ह्यूस्टन यांनी अमेरिकी लष्करासाठी 'लेट देअर बी लाइट' हा माहितीपट पूर्ण केला. लाँग आयलंडवरील मेसन जनरल रुग्णालयातील, युद्धाने मनाने खचलेले खरेखुरे सैनिक त्यात दिसतात. लढाईत जायबंदी झालेल्यांपैकी सुमारे 20 टक्क्यांचे दुखणे मानसिक स्वरूपाचे होते, असे त्यात आरंभीच सांगितले आहे. स्वतःचे नावही न आठवणाऱ्या एका सैनिकाला संमोहनाखाली ओकिनावाची लढाई आठवते, आणि त्याला त्याचे नाव परत मिळते. लष्कराने हा माहितीपट दाबून ठेवला. तो सार्वजनिकरीत्या दाखवला गेला 1980 च्या अखेरीस.

ही दोन चित्रे शेजारी ठेवली की फरक ठळक होतो. माहितीपटात स्मृती परतणे म्हणजे बरे होणे. गुन्हेपटात ते आरोपपत्र हाती पडण्यासारखे आहे. रुग्णालयातल्या सैनिकाने युद्ध विसरलेले असते. क्रॅव्हॅट युद्धापूर्वीचे आयुष्य विसरलेला आहे. चांगल्या माणसाला युद्धाने बिघडवले, असे हा चित्रपट म्हणत नाही. युद्धाने एका संशयास्पद माणसाला कोरी पाटी दिली, असे तो सुचवतो. रॉबर्ट फ्लोरी यांच्या 'द क्रूकेड वे' (1949) मध्येही हेच घडते. डोक्यात धातूचा तुकडा अडकलेला, शौर्यपदक मिळवलेला एडी राइस आपल्या शहरात परततो, तेव्हा पोलीस त्याला जुना गुंड म्हणून ओळखतात आणि पत्नी त्याचा द्वेष करते. पदक आणि गुन्ह्यांची नोंद, दोन्ही एकाच माणसाच्या नावावर आहेत.

इथे आपल्याला शाकुंतलाची आठवण होणे स्वाभाविक आहे. महाभारतातील दुष्यंताला सारे आठवत असते. तो जाणूनबुजून शकुंतलेला नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणला आणि राजाला दोषमुक्त केले. विस्मृती ही अशी नायकाच्या बाजूने दिलेली साक्ष असते. मँकिविक्झ यांच्या चित्रपटात हातबाँब हेच काम करतो. अखेरीस खुनी दुसराच निघतो, आणि टेलरची सुटका होते. हॉलिवूडला याहून पुढे जाणे त्या काळी परवडणारे नव्हते.

तरीही एक प्रसंग ही सुटका पुरती होऊ देत नाही. खुनाच्या साक्षीदाराची मुलगी एलिझाबेथ कॉनरॉय (जोझेफिन हचिन्सन) टेलरला ओळखत असल्याचे क्षणभर भासवते. वास्तवात ती त्याला ओळखत नाही. ती एकाकी आहे आणि कुणालाही तिची आठवण नाही, एवढेच. स्वतःला विसरलेला पुरुष आणि सर्वांनी विसरलेली स्त्री समोरासमोर येतात. त्याच्या विस्मृतीवर उपाय आहे. त्याला एक सूटकेस आणि एक पट्टी पुरते. शकुंतलेपाशी निदान अंगठी होती. एलिझाबेथच्या हाती तसे काहीच नाही, आणि तिच्या घरातून बाहेर पडलेला चित्रपट नायकाच्या मागे निघून जातो. विस्मृतीची किंमत विसरणाऱ्यापेक्षा विसरल्या गेलेल्यांनी अधिक मोजलेली असते. युद्धोत्तर समाजाचा इतिहास लिहिताना या घराकडे पुन्हा वळून पाहायला हवे.