एलओसी, शस्त्रसंधी, हॉटलाइन : भारत-पाक तणावाच्या बातम्या समजून घेताना

भारत-पाकिस्तान सीमेवर काही घडलं की दोन-चार तासांत घरातला टीव्ही, हातातला मोबाइल आणि मोहल्ल्यातला कट्टा, तिन्हीकडे एकच विषय सुरू होतो. एलओसी, शस्त्रसंधी, डीजीएमओ हे शब्द कानावर आदळत राहतात. मुलं त्यांचा अर्थ विचारतात आणि बऱ्याच घरांत नीट उत्तर मिळत नाही. अर्थ माहीत नसला की भीती वाढते, आणि घाबरलेला माणूस येईल ती खबर पुढे पाठवतो. म्हणून या लेखात आम्ही हे शब्द, त्यामागचे करार आणि तणाव आवरण्याची व्यवस्था एकत्र मांडत आहोत.

सीमा एकाच प्रकारची नाही

दोन्ही देशांमधली सीमा सुमारे ३,३०० किलोमीटर लांब आहे. तिचे तीन भाग लक्षात ठेवले तरी अर्ध्या बातम्या समजतात.

आंतरराष्ट्रीय सीमा : गुजरात, राजस्थान, पंजाब आणि जम्मूच्या काही भागातून जाते. आपल्या बाजूने सीमा सुरक्षा दल म्हणजे बीएसएफ आणि पलीकडून पाकिस्तान रेंजर्स पहारा देतात. जम्मूच्या पट्ट्यात पाकिस्तान हिला आंतरराष्ट्रीय सीमा मानत नाही.

नियंत्रण रेषा (एलओसी) : जम्मू-काश्मीरमधली सुमारे ७४० किलोमीटरची रेषा. १९४९ मध्ये कराची करारात युद्धविराम रेषा आखली गेली. १९७१ च्या युद्धानंतर, १९७२ च्या सिमला करारानुसार, १७ डिसेंबर १९७१ रोजी सैन्यं जिथे थांबली होती त्या रेषेला नियंत्रण रेषा हे नाव मिळालं. इथे दोन्हीकडे थेट लष्कर समोरासमोर असतं, म्हणून गोळीबाराच्या बहुतेक बातम्या इथूनच येतात.

सियाचीनचा भाग : १९४९ आणि १९७२ ची रेषा नकाशावरच्या एनजे ९८४२ या बिंदूपाशी संपते. पुढच्या हिमनदीवर रेषाच नव्हती. एप्रिल १९८४ मध्ये भारतीय सैन्य तिथे पोहोचलं आणि तेव्हापासून तिथे सैन्य तैनात आहे.

याशिवाय कच्छजवळ सर क्रीकचा वाद आहे. ती खाडी सुमारे ९६ किलोमीटरची. तिचा निकाल लागला नाही, त्यामुळे समुद्रातली हद्दही ठरलेली नाही. याची झळ आपल्या महाराष्ट्रापर्यंत कशी येते, ते पुढे पाहू.

चिथावणी आणि गैरसमज

तणाव दरवेळी ठरवूनच वाढवला जातो असं नाही. एकाची तयारी दुसऱ्याला हल्ल्याची तयारी वाटते, हेही तितकंच मोठं कारण आहे. १९८६-८७ च्या हिवाळ्यात भारताने राजस्थानात ‘ब्रासटॅक्स’ नावाचा प्रचंड मोठा लष्करी सराव केला. पाकिस्तानला वाटलं, सरावाच्या आडून चढाई होणार. त्याने आपलं सैन्य सीमेकडे हलवलं, मग भारतानेही हलवलं. युद्ध अगदी दारात आलं होतं. फेब्रुवारी १९८७ मध्ये दोन्ही सरकारं बोलली, सैन्य मागे घ्यायचं ठरलं. त्याच महिन्यात जनरल झिया-उल-हक क्रिकेट सामना पाहायला जयपूरला आले.

९ मार्च २०२२ ला याच्या उलट घडलं. भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानी पंजाबात मियां चन्नूजवळ पडलं. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. दोन दिवसांनी भारताने तांत्रिक बिघाड झाल्याचं सांगून खेद व्यक्त केला, चौकशी केली आणि हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढलं. पाकिस्तानने निषेध केला, पण उलट मारा केला नाही. दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमध्ये हे प्रकरण कुठेही जाऊ शकलं असतं.

तणाव आवरणारे करार

अशा प्रसंगांतून दोन्ही देशांनी काही साधे, रुक्ष वाटणारे नियम बनवले आहेत. टीव्हीवर त्यांची चर्चा होत नाही, पण लाखो लोकांची हिफाजत त्यांच्यावर आहे.

डीजीएमओ हॉटलाइन : डीजीएमओ म्हणजे लष्करी कारवाईचे महासंचालक. दोन्ही सैन्यांच्या या अधिकाऱ्यांमध्ये थेट फोनची सोय १९७१ च्या युद्धानंतर झाली.

अणुकेंद्रांची यादी : एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार ३१ डिसेंबर १९८८ ला राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात झाला. १ जानेवारी १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला याद्या दिल्या-घेतल्या जातात. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर आणि २०१९ च्या पुलवामा-बालाकोटनंतरही यात खंड पडला नाही.

सरावाची आगाऊ सूचना : ब्रासटॅक्सचा धडा घेऊन एप्रिल १९९१ मध्ये हा करार झाला. त्याच वेळी, लढाऊ विमानं एकमेकांच्या हवाई हद्दीच्या १० किलोमीटर आत आणायची नाहीत, हेही ठरलं.

क्षेपणास्त्र चाचणी : २००५ च्या करारानुसार बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीआधी किमान तीन दिवस कळवावं लागतं. क्रूझ क्षेपणास्त्रं यात येत नाहीत. म्हणून ‘पाकिस्तानने अचानक चाचणी केली’ अशी ओळ दिसली की कोणतं क्षेपणास्त्र, हे आधी पाहावं.

कैद्यांची यादी : २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश आपल्या तुरुंगातले समोरचे नागरिक कैदी आणि मच्छीमार यांची नावं देतात.

सगळेच करार टिकतात असं नाही. १९६० चा सिंधू पाणी करार १९६५, १९७१ आणि कारगिल, तिन्ही युद्धांतून वाचला होता. २३ एप्रिल २०२५ ला भारताने तो स्थगित ठेवला.

शस्त्रसंधी म्हणजे काय?

शस्त्रसंधी म्हणजे गोळीबार थांबवणं. वाद मिटला, असा त्याचा अर्थ नाही. २६ नोव्हेंबर २००३ ला, ईद-उल-फित्रच्या दिवशी, नियंत्रण रेषेवर आणि सियाचीनमध्ये शस्त्रसंधी लागू झाली. काही वर्षं सीमेवरच्या गावांनी शेती केली, शाळा भरल्या. पुढे ती सैल होत गेली. एकट्या २०२० मध्ये पाकिस्तानकडून ५,००० पेक्षा जास्त वेळा उल्लंघन झाल्याचं भारत सरकारचे आकडे सांगतात. पाकिस्तान असाच आरोप भारतावर करत होता. २५ फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही डीजीएमओंनी संयुक्त निवेदन काढलं आणि तोफा पुन्हा थंडावल्या.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये अतिरेक्यांनी २६ जणांचा जीव घेतला. बळींमध्ये एक स्थानिक मुस्लिम घोडेवालाही होता. ७ मे रोजी भारताने ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू केलं. चार दिवस क्षेपणास्त्रं, ड्रोन आणि तोफा चालल्या. १० मे रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी आपल्या डीजीएमओंना फोन केला आणि संध्याकाळी ५ पासून कारवाई थांबवायचं ठरलं. त्या रात्रीही उल्लंघनं झाली, पण १२ मे ला पुन्हा बोलणं झालं आणि शांतता टिकली.

किंमत कोण मोजतं?

पहिली किंमत सीमेवरची गावं मोजतात. ७ मे च्या तोफमाऱ्यात पूंछमध्ये हिंदू, मुस्लिम, शीख, सगळ्यांच्या घरात मातम झाला. तिथल्या मदरशाचे एक शिक्षक या माऱ्यात शहीद झाले. काही वाहिन्यांनी त्यांनाच अतिरेकी ठरवलं. पूंछ पोलिसांनी जाहीर खुलासा केला की हे साफ खोटं आहे. आधी माणूस गेला, मग त्याची इज्जतही घेतली गेली, आणि हे शत्रूच्या तोफेने नाही, आपल्याच टीव्हीने केलं.

दुसरी किंमत मच्छीमार मोजतात. पालघर जिल्ह्यातले अनेक गरीब खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात कुंपण नसतं. बोट भरकटली की पाकिस्तानी तुरुंग. १ जुलै २०२५ च्या यादीनुसार पाकिस्तानकडे १९३ भारतीय किंवा भारतीय मानले जाणारे मच्छीमार होते, तर भारताकडे पाकिस्तानचे ८१. तणाव वाढला की त्यांची सुटका लांबते. तरी लढाईनंतर दोन महिन्यांच्या आत ही यादी ठरल्या तारखेला दिली गेली, हे महत्त्वाचं.

तिसरी किंमत दुभंगलेल्या कुटुंबांची. कराचीत कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती आहे, आणि इकडे कोकणात त्यांचे नातेवाईक. एप्रिल २०२५ मध्ये व्हिसा रद्द झाले, अटारीचा रस्ता बंद झाला. लग्न आणि जनाजा, दोन्ही फोनवरच. त्या मे महिन्यात ‘कराची बंदर उद्ध्वस्त’ ही खोटी बातमी अनेक वाहिन्यांवर चालली. ज्यांची बहीण किंवा खाला तिथे आहे, त्यांची ती रात्र कशी गेली असेल?

घरात काय करावं?

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत खबर आणणाऱ्याची बात आधी तपासण्याची ताकीद आहे, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान होईल. तणावाच्या दिवसांत ती अशी पाळता येईल :

बातमी एलओसीची आहे की आंतरराष्ट्रीय सीमेची, ते पाहा. लष्कर, परराष्ट्र मंत्रालय किंवा पीआयबीने ती सांगितली आहे का, ते पाहा. स्फोटाचे व्हिडिओ पुढे पाठवू नका. मे २०२५ मध्ये व्हिडिओ गेममधली दृश्यंसुद्धा खरी म्हणून दोन्ही देशांत फिरली. सैन्याच्या हालचालींचे फोटो टाकू नका. कुणा मृताला अतिरेकी म्हणणारा मेसेज आला तर तो तिथेच थांबवा.

मुलांना मात्र गप्प बसवू नका. नकाशा उघडून ही रेषा दाखवा, आणि १० मे च्या त्या फोनबद्दलही सांगा. युद्ध कसं सुरू होतं ते त्यांना टीव्ही रोज दाखवतो. ते कसं थांबतं, हे त्यांना घरातूनच कळायला हवं.