गजर वाजलाच नाही : १४ ऑगस्ट २००३

१२:१५
अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या कार्मेलमध्ये ‘मिसो’ या संस्थेचं केंद्र आहे. अनेक राज्यांच्या वीजजाळ्यावर देखरेख ठेवणं हे तिचं काम. तिथला एक प्रोग्राम दर पाच मिनिटांनी आपोआप चालतो आणि ठिकठिकाणची मोजमापं जुळवून जाळ्याची खरी स्थिती मांडतो. आज त्याचा हिशेब लागत नाही. एक २३० केव्हीची लाइन बंद पडली आहे, पण प्रोग्रामच्या लेखी ती चालूच आहे. तपास करताना मध्येच तो सुरू होऊ नये म्हणून तंत्रज्ञ त्याचं आपोआप चालणं बंद करतो. यात गैर काहीच नाही, दुरुस्ती अशीच करतात.

१३:०७
दोष निघतो, उत्तर बरोबर येतं. तंत्रज्ञ जेवायला जातो. बंद केलेलं आपोआप चालणं पुन्हा सुरू करायचं मात्र राहून जातं.

सगळा दोष त्या माणसावर टाकणं मला पटत नाही. विसरणं माणसाच्या स्वभावातच आहे. दर पाच मिनिटांनी व्हायचं काम तासभर झालं नाही, तर ते ओरडून सांगणारं दुसरं काहीतरी तिथं असायला हवं होतं.

१३:३१
ओहायोत ईरी सरोवराकाठच्या ईस्टलेक वीज केंद्रातला पाचवा वीजसंच बंद पडतो. क्लीव्हलँडला आता दुरून जास्त वीज ओढावी लागते.

१४:१४
फर्स्टएनर्जी ही ओहायोतली वीज कंपनी. तिच्या नियंत्रण कक्षातला गजराचा प्रोग्राम एका घटनेची नोंद घेता घेता अडकतो. मागून येणाऱ्या सूचना रांगेत साचत राहतात. पडद्यावर काहीच बदलत नाही, लाल दिवा लागत नाही.

त्या दिवसातला हा क्षण मला सगळ्यात भयंकर वाटतो. गजर वाजला नाही की ऑपरेटर समजतो, सगळं ठीक आहे. आणि गजर मेला तरी तो वाजत नाहीच. खरं कारण नंतर कित्येक आठवड्यांच्या तपासात सापडलं: दोन प्रक्रिया एकाच क्षणी एकाच माहितीवर लिहायला गेल्या होत्या. इतकी दुर्मीळ गाठ आधीच्या कोणत्याही चाचणीत पडली नव्हती.

१४:३२
शेजारच्या एईपी कंपनीचा फोन येतो. स्टार–साउथ कँटन ही ३४५ केव्हीची लाइन पाच मिनिटांपूर्वी ट्रिप होऊन, म्हणजे आपोआप बंद पडून, लगेच पुन्हा जोडली गेली, तुमच्याकडे काही दिसलं का? फर्स्टएनर्जीचा ऑपरेटर पाहतो, गजर नाही. तो नाही म्हणतो. बाहेरचा माणूस एक सांगतो आणि आपलं यंत्र गप्प राहतं, तेव्हा शंका यंत्रावर घ्यायला हवी. तिथं ती फोनवर घेतली गेली.

१४:४०
मिसोत चूक लक्षात येते. आपोआप चालणं पुन्हा सुरू होतं, पण उत्तर पुन्हा जुळत नाही. दक्षिण ओहायोतली स्टुअर्ट–अटलांटा लाइन १४:०२ लाच झाडाला टेकून बंद पडली आहे आणि तिची खबर या प्रोग्रामला कोणी दिलेली नाही.

१४:४१
फर्स्टएनर्जीत गजराचा मुख्य सर्व्हर बंद पडतो. काम राखीव सर्व्हरकडे जातं, आणि तो अडकलेला प्रोग्रामही तसाच्या तसा त्याच्यासोबत जातो. तेरा मिनिटांत राखीव सर्व्हरही आडवा होतो. पडदे ताजे व्हायला आता एकोणसाठ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. संगणक विभागाला पेजरवर आपोआप संदेश जातो, ते धावत कामाला लागतात.

१५:०८
सर्व्हर पुन्हा सुरू होतो. संगणक विभागाच्या दृष्टीनं काम झालं. “तुमचे गजर वाजू लागले का?” एवढा एक प्रश्न ऑपरेटरना कोणी विचारत नाही. विचारला असता तर जवळजवळ तासभर हाताशी होता.

तीन मिनिटांपूर्वीच चेंबरलिन–हार्डिंग लाइन झाडाला लागून बंद पडली आहे, तीही क्षमतेच्या निम्म्याहून कमी भार वाहताना. तारेखालची झाडं वेळेवर छाटली नव्हती. १५:३२ ला हॅना–जुनिपर जाते, १५:४१ ला स्टार–साउथ कँटन. एक पडली की तिचा भार दुसरीवर, दुसरी तापते, आणखी खाली झुकते.

१५:४२
आपली यंत्रणा बिघडली आहे, हे ऑपरेटर संगणक विभागाला आता सांगतात. पूर्ण बंद करून नव्यानं सुरू करण्याचा विचार निघतो, पण थोडंफार जे दिसतंय तेही अशा घडीला जाईल, या भीतीनं तो मागे पडतो. त्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही ती भीती वाटली असती.

१६:०४
मिसोचा प्रोग्राम अखेर पूर्ववत आपोआप चालू लागतो.

१६:०५:५७
सॅमिस–स्टार लाइन बंद पडते. आता माणसाच्या हाती काही उरत नाही.

१६:१३
५०८ वीजसंच बंद. अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडातला ऑन्टारिओ, मिळून सुमारे पाच कोटी माणसं विजेविना. क्लीव्हलँडमध्ये पाण्याचे पंप थांबले आहेत. न्यू यॉर्कमध्ये भुयारी रेल्वेच्या थांबलेल्या डब्यांतून उतरून माणसं विजेरीच्या उजेडात, रुळांमधून एकामागोमाग एक चालत बाहेर येत आहेत.